बीट, खजूर, गूळ, डाळिंब खाऊनही हिमोग्लोबिन 8.4 वरच का?

प्रश्न : वय 38, वजन 54 किलो, माध्यमिक शाळेत शिक्षिका, घरात सगळे शाकाहारी. सहा महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन 8.6 आलं. तेव्हापासून रोज बीटाचा रस, चार खजूर, गूळ-शेंगदाणे आणि डाळिंब चालू आहे. परवा तपासलं तर 8.4. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहवत नाही. लोहाच्या गोळ्या पंधरा दिवस घेतल्या, पण मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळी संडास, म्हणून बंद केल्या. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात, सासूबाई म्हणतात त्याने उष्णता होते. पाळी आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, पण माझ्या आईचं आणि मावशीचंही असंच होतं. धाकट्याच्या जन्मानंतर तांबी बसवली आहे. सांगायला लाज वाटते, पण कच्चे तांदूळ खाल्ल्याशिवाय राहवत नाही. रिपोर्टमध्ये एमसीव्ही 68, आरबीसी 3.97, आरडीडब्ल्यू 19, प्लेटलेट 4.6 लाख आहेत. मुलगी 13 वर्षांची आहे. शाळेत मिळणारी निळी गोळी ती घरी आणून ठेवते. ती द्यावी का?

उत्तर :

ताई, आधी तांदळाचं बोलू, कारण लाज तुम्हाला त्याचीच वाटते आहे. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती, फ्रीजमधला बर्फ हे खाण्याची अनावर ओढ लोहाच्या कमतरतेत नेहमी दिसते. ते तुमच्या आजाराचं लक्षण आहे, त्यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही. लोह भरायला लागलं की बहुतेकींची ही ओढ पहिल्या काही आठवड्यांतच ओसरते, पुष्कळदा हिमोग्लोबिनचा आकडा वर जायच्याही आधी. माझ्याकडे येणाऱ्या बायका ही गोष्ट सगळ्यात शेवटी, दारापर्यंत जाऊन परत येऊन सांगतात. तुम्ही ती आपणहून लिहिलीत, त्यामुळे निदानाला मोठी मदत झाली.

आता रिपोर्ट. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो रक्तक्षय, आणि 8 च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. म्हणजे तुम्ही तीव्रच्या उंबरठ्याशी उभ्या आहात. एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचं आकारमान. ते 80 ते 100 असायला हवं, तुमचं 68 आहे. पेशी लहान झाल्या आहेत, कारण त्यांत भरायला लोहच नाही. आरडीडब्ल्यू 19 म्हणजे पेशी एकसारख्या राहिलेल्या नाहीत, काही बऱ्या, काही अगदीच खुज्या. प्लेटलेट थोड्या वाढलेल्या आहेत, त्याही लोह कमी पडल्यावर अशाच वाढतात, त्याची वेगळी काळजी नको.

लहान पेशी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकातही दिसतात, म्हणून एक सोपा हिशेब आम्ही करतो : एमसीव्हीला आरबीसीने, म्हणजे लाल पेशींच्या संख्येने भागायचं. तुमचं 68 भागिले 3.97 म्हणजे 17. हा आकडा 13 च्या खाली आला असता तर मी आधी थॅलेसेमियाची तपासणी सांगितली असती. सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत ती तशीही करून घ्यावी, विशेषतः घरात लग्न किंवा बाळ यायचं असेल तर. नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यातल्या आणि एकूणच विदर्भातल्या बऱ्याच कुटुंबांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी आधी व्हायला हवी. ही तपासणी न होता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना गरज लोहाची नव्हतीच.

तुमच्या बाबतीत दिशा स्पष्ट आहे, तरी दोन तपासण्या राहिल्यात, त्या करा. पहिली फेरिटिन. शरीरात साठवलेलं लोह किती उरलंय ते ती सांगते. 15 च्या खाली असेल तर साठा संपला, आणि आम्ही बरेच डॉक्टर 30 च्या खालीही तो अपुराच समजतो. ताप, सर्दी, संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं असताना रक्त द्या. दुसरी बी 12. पूर्ण शाकाहारी घरात ही कमतरता इतकी सर्रास आहे की ती गृहीत धरूनच तपासावी. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, बी 12 च्या कमतरतेत मोठ्या. दोन्ही एकत्र असतील तर एकमेकींना झाकतात आणि नुसतं लोह देऊन हिमोग्लोबिन अर्ध्या वाटेवर अडून बसतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी 12 मुळीच टाळू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न : इतकं मन लावून खाऊनही आकडा का हलत नाही? याचं उत्तर आकडेमोडीत आहे. ती मी इथे पूर्ण मांडते, कारण एकदा ही समजली की पुढचं काहीच पाठ करावं लागणार नाही.

तुमच्या वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिन 8.4 वरून साडेबारापर्यंत न्यायचं तर जवळजवळ 140 ग्रॅम नवं हिमोग्लोबिन तयार व्हायला हवं. प्रत्येक ग्रॅमला 3.4 मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे साधारण 480 मिलिग्रॅम. शिवाय रिकामा झालेला साठा भरायला आणखी 300 ते 500. एकूण तूट 800 ते 1000 मिलिग्रॅमची.

आता जमा बघू. शाकाहारी जेवणातून चांगलं खाणाऱ्या बाईच्या पोटात दिवसाला 15 मिलिग्रॅम लोह गेलं असं धरू. त्यातलं रक्तात शोषलं जातं ते आठ-दहा टक्के. म्हणजे सव्वा ते दीड मिलिग्रॅम. कमतरता असली की आतडं थोडं जास्त ओढून घेतं, पण फार नाही.

आणि खर्च? त्वचा, आतडी यांच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज पाऊण ते एक मिलिग्रॅम लोह जातंच, ते कुणालाच चुकत नाही. पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं 80 तर नक्कीच असावं. तुमच्या आताच्या पातळ रक्ताचा हिशेब धरला तरी महिन्याला त्यात 23 मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे दिवसाला आणखी पाऊण. एकूण खर्च रोज दीड ते पावणेदोन मिलिग्रॅम.

जमा दीड, खर्च दीड. म्हणून सहा महिने सगळं निष्ठेने करूनही तुम्ही 8.6 वरून 8.4 वर आहात. खालून गळत असलेल्या टाकीत वरून वाटीवाटीने पाणी ओतावं तशी ही स्थिती आहे. तुमच्या खाण्यामुळे तुम्ही सातवर घसरला नाहीत, हे त्याचं श्रेय. पण हजार मिलिग्रॅमची तूट अन्नाने भरून निघत नाही. ती भरायला औषधच लागतं, आणि गळती शोधावीच लागते.

गळती तुमच्या पत्रात समोर दिसते आहे. दोन तासांनी पॅड बदलणं, रात्री त्यासाठी उठावं लागणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांच्या वर अंगावरून जाणं, यातलं काहीही असेल तर ती पाळी जास्त आहे. आईचं आणि मावशीचंही असंच होतं, यावरून ते ठीक आहे असं ठरत नाही. बहुधा त्याही आयुष्यभर थकलेल्या होत्या आणि कुणी तपासलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 48 होतं. निम्म्याहून अधिक बायका ज्या अवस्थेत असतात तीच मग सगळ्यांना नेहमीची वाटू लागते. ‘बायकांच्या अंगात रक्त कमीच असतं’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकते आणि प्रत्येक वेळी खोडते.

तुमच्या घरात तिघींना असं होतं यातून आणखी एक प्रश्न निघतो. पाळी सुरू झाली तेव्हापासूनच रक्तस्राव जास्त होता का? दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला होता का? थोडंसं लागलं तरी काळेनिळे डाग पडतात का? उत्तर हो असेल तर रक्त गोठण्यातला आनुवंशिक दोष असू शकतो. व्हॉन विलेब्रँड नावाचा आजार त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा. त्याच्या तपासण्या मोठ्या शहरांत होतात. हे तुमच्या मुलीसाठीही महत्त्वाचं आहे.

मात्र पाळी पूर्वी बरी होती आणि तांबी बसवल्यापासून वाढली असेल, तर आधी तिच्याकडे पाहा. तांब्याच्या तांबीने अनेकींचं रक्त जाण्याचं प्रमाण वाढतं. ज्यांचा साठा भरलेला असतो त्यांना ते पेलतं, तुमच्यासारखीला पेलत नाही. ती घाईने काढू नका, दुसरं साधन ठरवून मग काढा. स्त्रीरोगतज्ज्ञांना लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणाऱ्या तांबीबद्दल विचारा. तिने पाळीचं रक्त खूप कमी होतं आणि गर्भनिरोधनही होतं. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग पडतात, ते माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही. संप्रेरक नको असेल तर पाळीच्या जड दिवसांपुरती ट्रानेक्झामिक ॲसिडची गोळी असते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर ती चालत नाही, म्हणून आपल्या मनाने दुकानातून आणू नका. सोबत पोटाची सोनोग्राफी आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. गर्भाशयातल्या गाठी आणि मंदावलेलं थायरॉइड ही दोन्ही या वयातली नेहमीची कारणं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पाळीचा त्रास घेऊन गेलेल्या बाईला ‘दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार लवकर दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. त्यांतल्या कितीतरी जणी तिशीतल्या होत्या. शस्त्रक्रियेची गरज काहींना खरोखर असते. पण तुमच्या वयात सोनोग्राफी, औषधं आणि तांबी हे टप्पे ओलांडल्याशिवाय तो विषय यायला नको. आलाच तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कुणी रागावलं तरी घ्या.

आता गोळ्या. तुम्ही ज्या कारणांनी थांबवल्यात त्यातलं काळी संडास हे कारण सोडून द्या. न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून रंग काळपट-हिरवट होतो. घट्ट बांधलेली संडास काळी असेल तर काही बिघडलेलं नाही. डांबरासारखी चिकट, चकचकीत, उग्र वासाची असेल तर मात्र ते पोटातलं रक्त असू शकतं, तेव्हा डॉक्टर गाठा.

मळमळ आणि बद्धकोष्ठता खऱ्या आहेत, आणि त्यावर उपाय आहेत. तुम्ही गोळी दिवसातून किती वेळा घेत होतात ते लिहिलं नाहीत. पुष्कळांना आजही सकाळ-संध्याकाळ गोळी लिहून दिली जाते. लोहाचा एक मोठा डोस घेतला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि ते पुढचे चोवीस तास आतड्याचं दार आवळून धरतं. दुसऱ्या गोळीतलं बरंचसं लोह मग शोषलं न जाता आतड्यात पडून राहतं आणि त्रास देतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2017 पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, लोह कमी असलेल्या तरुण बायकांमध्ये एक दिवस आड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं गेलं. म्हणून माझा सल्ला असा : 60 ते 100 मिलिग्रॅम लोह असलेली एकच गोळी, सोसत असेल तर रोज, सोसत नसेल तर एक दिवस आड. दोनदा कधीच नाही. पाकिटावर आकडा बघताना ‘मूलभूत लोह किती’ ते पाहा, क्षाराचं वजन नको. फेरस सल्फेटच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह 65 च्या आसपासच असतं.

घ्यायची कधी? सगळ्यात चांगलं सकाळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर तासाभराने. आपल्याकडे उठल्याबरोबर चहा लागतो, म्हणून हे अवघड जातं हे मला ठाऊक आहे. जमत नसेल, किंवा रिकाम्या पोटी मळमळत असेल, तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी झोपताना घ्या. तेही सोसलं नाही तर दोन घास खाऊन घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण पोटात गेलेली गोळी पाकिटातल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. दूध, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधं यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर चार तासांचं. रोज सकाळी पित्ताची गोळी खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण जठरातलं आम्ल कमी झालं की लोह विरघळत नाही. बद्धकोष्ठतेसाठी पाणी वाढवा, रात्री इसबगोल घ्या. तरीही एका प्रकारची गोळी सोसली नाही तर दुसरा क्षार बदलून मिळतो.

हिशेब पुन्हा बघा : 60 ते 100 मिलिग्रॅमच्या गोळीतून दिवसाला सहा ते दहा मिलिग्रॅम शोषलं जाऊ शकतं. जेवणातून मिळतं त्याच्या पाच-सात पट. तूट तीन-चार महिन्यांत भरून निघते.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. ते एक-दोनने वाढलेलं असायला हवं. वाढलं नाही तर गोळी नीट घेतली जाते का, गळती चालू आहे का, बी 12 राहिलं का, आतड्याचा काही आजार आहे का, हे शोधायचं. गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ओळखतात तो सिलिॲक आजार, जठरातला हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्ग, मूळव्याधीतून नकळत जाणारं रक्त, सांधेदुखीसाठी महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या ही सगळी कारणं मी पाहिली आहेत. शेतात अनवाणी राबणाऱ्यांत अंकुशकृमी असतात, त्यांना जंताची गोळी लोहाच्या गोळीइतकीच गरजेची. आणि हिमोग्लोबिन 12 झालं म्हणून थांबू नका. तिथून पुढे तीन महिने गोळी चालू ठेवायची, तेव्हा साठा भरतो. बहुतेकींचं रक्त दर वर्षी ‘पुन्हा कमी होतं’ ते याच टप्प्यावर सोडून दिल्यामुळे.

इंजेक्शनाबद्दल. सासूबाईंची भीती अगदी निराधार म्हणणार नाही. पूर्वीच्या लोहाच्या इंजेक्शनांनी काही जणांना गंभीर रिॲक्शन यायच्या, आणि कमरेत घेतलेल्या इंजेक्शनांचे डाग वर्षानुवर्षं राहायचे. आज शिरेतून सलाईनबरोबर देतात ती औषधं वेगळी आहेत आणि बरीच सुरक्षित आहेत. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमधून एका वेळी 1000 मिलिग्रॅमपर्यंत लोह देता येतं. फेरस, फेरिक काहीही असो, उष्णता वगैरे त्यात काही नाही. मात्र ते दवाखान्यातच, तातडीची सोय असलेल्या ठिकाणी घ्यावं, आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबावं. सुई टोचलेल्या जागी आग झाली तर लगेच सांगा, औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग राहतो.

तुम्हाला ते हवंच का? तुमच्या जागी मी आधी वर सांगितल्याप्रमाणे महिनाभर गोळी नीट घेऊन बघेन. एक-दोनने वाढ दिसली तर इंजेक्शनाची गरज नाही. गोळी खरंच सोसली नाही, किंवा महिन्यात काही फरक पडला नाही, किंवा पाळीचा रक्तस्राव इतका आहे की गोळीलाही तो पुरून उरतो, तर इंजेक्शन घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नाही. फक्त इंजेक्शन घेतलं आणि तांबीचा, पाळीचा प्रश्न तसाच ठेवला, तर वर्षाभरात तुम्ही परत इथेच याल. रक्ताची पिशवी चढवावी का असं कुणी सुचवलं तर 8.4 ला, चालत्याफिरत्या बाईला, त्याची गरज नाही. पण बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा तासाला एक पॅड भिजणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आता खाणं. ते व्यर्थ गेलं असं मी म्हटलेलं नाही. साठा भरल्यावर तो टिकवणार आहे तुमचं जेवणच. फक्त मेहनत योग्य ठिकाणी लावा. बीटात 100 ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, डाळिंबात त्याहून कमी. दोघांचा लाल रंग रक्तासारखा दिसतो एवढंच. गुळाचा खडा आपण खातो तो दहा ग्रॅमचा, त्यातून अर्धं मिलिग्रॅमसुद्धा मिळेल न मिळेल. खजूर थोडे बरे. आवडत असेल तर हे सगळं खा, पण सकाळी वीस मिनिटं मिक्सर घेऊन बीटाचा रस गाळण्यात तुमची ताकद घालवू नका.

ती ताकद बाजरीच्या भाकरीला द्या. बाजरीत 100 ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोह आहे, तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. मेथी, राजगिरा, माठ, शेवग्याचा पाला या पालेभाज्या आठवड्यातून चार-पाच वेळा. मटकी, मूग, हरभरा, चवळी भिजवून मोड आणून, कारण कडधान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं आणि मोड आले की ते कमी होतं. आंबवण्यानेही तेच होतं, म्हणून नाचणीची आंबील चांगली. अळीवाचे लाडू जरूर खा, पण एक सांगते : जुन्या तक्त्यांत अळीवात 100 ग्रॅमला 100 मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असायचं, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत ते 17 च्या आसपास आहे. तरीही चांगलंच आहे, पण बाळंतिणीला अळीव देतोय म्हणून गोळी बंद करू नये.

या सगळ्याहून मोठे दोन बदल आहेत आणि दोन्हीला पैसे पडत नाहीत. एक, जेवणाबरोबर आंबट ताजं काहीतरी : वरणभातावर लिंबू, उसळीवर लिंबू, डब्यात पेरूची फोड किंवा आवळा. क जीवनसत्त्व लोहाला शोषलं जाईल अशा रूपात ठेवतं. लिंबू पानात वाढल्यावर पिळा, शिजवताना ते जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. दोन, चहा. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणजे मधल्या सुट्टीत डबा झाला की लगेच चहा येत असणार. जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी करतो. चहा सोडायला सांगत नाही. जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी घ्या. सकाळी पोह्यांबरोबरचा चहासुद्धा यात आला. पोह्यांवर लिंबू पिळून वर लगेच चहा प्यायला तर लिंबाचा फायदा गेला.

लोखंडी कढई आणि तवा माळ्यावरून खाली काढा. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेली आमटी लोखंडात शिजवली की त्यात लोह उतरतं. रंग थोडा काळपट होतो, तो अपायकारक नाही. शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा म्हणजे चव बिघडत नाही. घरात कुणाला अंडी-मटण-मासे चालत असतील तर प्राण्यांच्या मांसातलं लोह भाज्यांतल्यापेक्षा कितीतरी पट चांगलं शोषलं जातं. तुम्हाला चालत नसेल तर त्याचा ताण घेऊ नका, वरचे बदल पुरतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक ओळ : लोहाची कमतरता पुरुषाला निघाली, किंवा पाळी कायमची थांबलेल्या बाईला निघाली, तर नुसती गोळी देऊन मोकळं होऊ नका. तिथे रक्त बहुधा पोटातून जात असतं, दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं तपासायलाच हवं. आतड्याचा कर्करोग कधी कधी पहिल्यांदा असाच कळतो.

आता मुलगी. ती निळी गोळी ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातली आहे, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी, आठवड्यातून एकदा. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती द्याच. उपाशीपोटी मळमळते म्हणून मुली शाळेत घेत नाहीत, तर दुपारच्या डब्यानंतर घ्यायला सांगा. ही गोळी कमतरता येऊ नये म्हणून आहे, आलेली कमतरता भरण्यासाठी नाही. म्हणून तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन एकदा तुमच्याबरोबरच तपासून घ्या. पाळी सुरू झाली असेल तर किती दिवस चालते, पॅड किती लागतात, हे तिला विचारा आणि तिला सांगताना ‘आपल्या घरात असंच असतं’ असं म्हणू नका. तिची पाळीही सुरुवातीपासून जड असेल तर वर लिहिलेल्या रक्त गोठण्याच्या तपासण्या तुमच्या दोघींच्या करायच्या. आणि घरात साठवलेल्या गोळ्या, तिच्याही आणि तुमच्याही, धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, कुलपात ठेवा. रंगीत गोळ्या लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात, आणि लोहाच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात. त्याने चुकून खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्रास होण्याची वाट न बघता, पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्या.